छापील नको, घरचं सांग

आमच्या कर्णिकताई मुलाखतीला बसल्या की समोरच्या बाईकडे पाठ करतात. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून विचारतात, "गेल्या वर्षात संबंध आले का? कोणाशी?" आवाज असा, की भेंडी कशी दिली विचारतायत.

आम्ही दोघी आरोग्य सर्वेक्षणात. घरोघरी जायचं, दार लोटून घ्यायचं आणि बाई जे सख्ख्या बहिणीलाही सांगत नाही ते तिला विचारायचं. "तोंडाकडे बघितलं की बाई सासूला देते तसं उत्तर देते," असं ताईंचं म्हणणं. कोणी घासूनपुसून बोलायला लागलं की मागे न बघताच म्हणणार, "छापील नको गं, घरचं सांग." जुहूच्या कोळीवाड्यात एक मावशी उसळली, "सांगते, पण आधी तोंड तरी दाखव!" त्या दिवशी मात्र ताई वळल्या आणि दोघी पोट धरून हसल्या.

खोट्याचा त्यांना मनापासून राग. म्हणतात, "चुकीच्या उत्तरावर दवाखाना निघाला तर औषध भलत्याच दारी जातं." दिंडोशीच्या एका इमारतीत पहिल्याच बाईला कळलं, की 'नाही' म्हटलं की टॅबवरचे पुढचे सगळे प्रश्न गळतात आणि मुलाखत संपते. तिने ते मजलाभर सांगितलं. झालं, सगळ्यांचं 'नाही'! पॅसेजमध्ये तान्ही पोरं रांगतायत आणि घरोघरी ब्रह्मचर्य. ताईंनी अख्खा मजला पुन्हा केला. माझ्या पायांची वाट लागली, पण त्यांचा हा हट्ट मला आवडतो.

परवा पार्ल्याच्या ऑफिसात नव्या प्रश्नांचा सराव होता. एकमेकींना विचारायचं आणि नंतर सगळं पुसून टाकायचं. माझ्या वाट्याला ताई आल्या.

"गेल्या वर्षात संबंध आले का?"

"हो. नवऱ्याशी."

ताईंचे यजमान वेगळे राहायला गेले त्याला बरीच वर्षं झाली. ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कोणी नाही.

"ताई, असं काय सांगता?" मी हळूच म्हटलं.

त्या हातातली बांगडी फिरवत राहिल्या. "अगं, 'नाही' म्हटलं की संपलंच ना. घरी मला कोण काय विचारतंय? तू विचार ना पुढचं."

मी 'हो'वर बोट ठेवलं, खुर्ची जवळ ओढली आणि पुढचा प्रश्न विचारला.