राजश्री क्लिफर्डराव ओल्डरॉयड यांनी घरबांधी मोटार पास करविली त्याची हकीकत

हडर्सफील्ड प्रांतीच्या घरबांधी मोटारवाल्या मंडळींनी भर सभेत चहाचे पेले हाती घेऊन आज्ञा केली की, राजमान्य राजश्री क्लिफर्डराव ओल्डरॉयड यांनी आपले गॅरेजात मोटार कैसी उभी केली आणि सरकारी तपासणीचा किल्ला कैसा सर केला, हे वर्तमान साद्यंत लिहावे. आज्ञा शिरसावंद्य. घडले ते लिहिले. पदरचे घातले असेल तर चहात दूध घालतात तितकेच.

रावसाहेब पूर्वी पावाच्या व्हॅनचे सारथी, मग पेन्शनीत आले, आणि पेन्शनीत येताच त्यांस दुर्बुद्धी झाली की, मोटार विकत न घेता सुट्या भागांच्या पेट्या मागवाव्या आणि स्वहस्ते बांधावी. मग पेट्या आल्या, आणि गॅरेज काबीज जाहले, आणि त्यांचे कुटुंब एनिडबाईसाहेब यांचा बर्फाचा पेटारा, म्हणजे फ्रीझर, तेथून हद्दपार होऊन जिन्याखाली गेला. ते समयी उभयतांत तह ठरला की, मोटार रस्त्यास लागताच पहिली स्वारी व्हिटबी बंदरी न्यावी, बाईसाहेबांनी शेजारचे आसनी बसावे आणि धक्क्यावर मासळी-चिप्स खावे. बाईसाहेबांनी तहावर भरवसा ठेवून ते आसन आपले हाते लाल रेक्झिनने मढविले. मग कितेक वर्षे गॅरेजातून पाना पडल्याचा आणि त्यापाठोपाठ शिवीचा आवाज येत राहिला.

पहिले मोहिमेस दिवाणातर्फे प्रॉसरसाहेब तपासनीस उभे ठाकले. मृदुभाषी पुरुष, परंतु हाती संत्र्याहून थोर असा गोळा. तो गोळा मोटारीचे अंगावरून फिरवावा, आणि जेथे गोळा टेकेल तेथील कड बोथट नसेल तर मोटार नापास, ऐसी दिवाणाची रीत. गोळा फिरला आणि कत्तल उडाली. कडा धारदार निघाल्या, सुकाणू वळविले असता आपसूक सरळ होईना, आणि शेजारच्या आसनाचा पट्टा जेथे जखडिला ती मेख दोन बोटे खाली निघाली. ऐसे तीन घाव खाऊन रावसाहेब माघारी आले.

ते पाहून बाईसाहेबांनी फर्मान काढिले, ते येणेप्रमाणे: "क्लिफ, आता शेवटचं. पुढच्या खेपेला पास झाली नाही तर तुकडे करून विकून टाक ती. मला माझं गॅरेज हवंय. आणि गुडघे चालतायत तोवर व्हिटबीला जायचंय."

रावसाहेबांनी मनी हिशेब मांडिला. मोटार गेली तर मागे राहते काय? चहा, टीव्ही आणि हवामानाच्या बातम्या. मग ते बॅरी नटल यांजकडे मसलतीस गेले. हा बॅरी तपासणी पचवून बसलेला, मंडळीत थोर मुत्सद्दी.

"कडांना रबर लाव, नटांना टोप्या घाल," बॅरी वदला, "आणि पुढच्या चाकांत हवा ठासून भर, मग सुकाणू सरळ येतंय की नाही बघ."

"आणि मेख? ती वर घ्यायची तर सांगाडाच कापायला लागेल रे."

"कापतोस कशाला? खुर्चीच काढून टाक! जे गाडीवर नाही ते नापास कसं होईल? मी दारं काढली, टप काढला, हीटर काढला. आपल्यात सगळेच काढतात, लेका. पास झाली की लाव परत."

"एनिडची खुर्ची आहे ती."

"मग तिला सांगू नकोस."

ही मसलत रावसाहेबांस अमृत वाटली. बाईसाहेब चर्चच्या गायनास गेल्याची संधी साधून त्यांनी आसन काढिले, आणि व्हॅनमध्ये घोंगडीखाली दडविले, आणि मोटार ट्रेलरवर चढवून वर ताडपत्री घातली. परंतु कूच करणेचे दिवशी बाईसाहेब अंड्याची सँडविचे, थर्मास आणि नवा कोरा वारा-चष्मा घेऊन स्वतःच व्हॅनमध्ये येऊन बसल्या. परततेसमयी मोटारीतून येणार, म्हणाल्या. रावसाहेब सारे वाटेत आरशातून मागची घोंगडीच पाहत राहिले.

तपासणीचे ठाण्यावर ताडपत्री निघाली.

"क्लिफ. माझी खुर्ची कुठाय?"

"व्हॅनमध्ये आहे, राणी. जरा तात्पुरती..."

बाईसाहेबांनी सँडविचांचा डबा मिटून काखेस मारिला. हे तोफांहून वाईट.

इतक्यात प्रॉसरसाहेब गोळा घेऊन आले आणि रणास तोंड लागले. गोळा नाकावरून गेला, आरशांवरून गेला, जेथे टेके तेथे रबर आणि टोपी. मग धुराड्याचा आवाज मोजिला, ब्रेक दाबिले, दिवे पाजळिले. मग साहेबांनी खासा मोटारीत बसून गोल रिंगण धरिले आणि सुकाणू सोडून दिले. रावसाहेबांनी डोळे मिटून घेतले. सुकाणू क्षणभर अडले, आणि मग सांजवेळी गाय गोठ्याकडे वळावी तैसे आपसूक सरळ आले! रावसाहेबांनी अंगणातच नाच केला.

"अभिनंदन, मिस्टर ओल्डरॉयड," साहेब म्हणाले. "पास. सुंदर बांधलीय. आसनं एक."

"एक?"

"मी एकच पाहिलं. दुसरं लावायचं झालं तर मेख दाखवायला परत यावं लागेल."

ही गोष्ट बॅरीने सांगितली नव्हती. बॅरी पडला ब्रह्मचारी; त्यास दुसरे आसन कधी लागलेच नव्हते.

बाईसाहेबांनी वारा-चष्मा चढविला आणि हात पुढे केला. "किल्ली."

"अगं, पण मी अजून धड..."

"विम्यात माझं नाव आहे. तूच घातलंस, हप्ता कमी बसतो म्हणून. एकच खुर्ची आहे ना? मग ती माझी. किल्ली दे."

प्रॉसरसाहेब तटस्थपणे आभाळ पाहू लागले. तपासणीहून घरी जाणेस नंबराच्या पाटीची गरज नसे, सबब बाईसाहेब निघाल्या, आणि फाटकाशी जाऊन दोन्ही हात वर करून ऐसी हर्षाची किंकाळी फोडिली की कबुतरे उडाली. रावसाहेब व्हॅनने मागून गेले. ऐसा विजय आणि ऐसी फजिती एके दिवशी क्वचितच कोणास लाभते.

पुढे नंबर आला आणि व्हिटबीची स्वारी जाहली, बाईसाहेब मोटारीतून आणि रावसाहेब व्हॅनमधून. धक्क्यावर चिप्स खाऊन बाईसाहेबांस दया आली. म्हणाल्या, "जा, परत जाताना तू चालव. व्हॅन मी आणते."

मग रावसाहेब माळरानावरून निघाले. उतारास मोटार गाऊ लागली आणि वळणे अशी घेऊ लागली की त्यांचे डोळ्यांस पाणी आले. "ऐकलंस का गं?" ऐसे म्हणून ते शेजारी वळले. शेजारी पत्रा.

दुसरे दिवशी सकाळी रावसाहेबांनी करवत घेतली आणि पास झालेल्या मोटारीचा सांगाडा आपले हाताने कापिला. बॅरी धावत येऊन म्हणाला, "वेड लागलं काय तुला?" रावसाहेबांनी वेल्डिंगचा मुखवटा खाली ओढिला आणि मेख दोन बोटे वर जोडिली.

तिसरे मोहिमेत गोळा फिरला, मेख टिकली, आणि दिवाणी दफ्तरी आसने दोन लिहिली गेली. येणेप्रमाणे क्लिफर्डराव फत्ते पावले. बर्फाचा पेटारा अद्याप जिन्याखालीच आहे, आणि बाईसाहेबांनी त्याजविषयी पुन्हा विचारिले नाही.