चार इंच उजवीकडे

मार्चच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी सव्वादहाला एरल हॅगर्टच्या तीन गोळ्या बशीबाहेर गेल्या. तिन्ही एकमेकींना खेटून, मुठीखाली झाकतील अशा. पण बशीच्या मध्यापासून चार इंच उजवीकडे.

तुआतापेरे गावाच्या शिकारी क्लबात बशीचा नियम १९५८ पासून आहे. पहिल्या सेक्रेटरीने बायकोची बशी पुठ्ठ्यावर पालथी घालून पेन्सिल फिरवली, तेच वर्तुळ आजही चालतं. शंभर यार्डांवरून तीन गोळ्या त्यात गेल्या पाहिजेत. नाही गेल्या तर एप्रिलमध्ये, नर हरणं डुरकतात त्या पंधरा दिवसांत, क्लबच्या जंगलातल्या झोपडीत जागा नाही. नापास झालेल्याला पुढच्या शनिवारी एक संधी मिळते. तीही हुकली की वर्ष गेलं.

एरल शहात्तर वर्षांचा होता. त्याच्याकडे वाया घालवायला वर्षं फारशी उरली नव्हती. एक्कावन्न एप्रिल त्याने त्या झोपडीत काढले होते. पहिले पंचेचाळीस थोरल्या भावाबरोबर, लान्सबरोबर. नंतरचे सहा लान्सच्या काळ्याकुट्ट किटलीबरोबर. वरच्या फळीवर लान्स झोपायचा, खालच्या फळीवर एरल. लान्स गेल्यावर वरची फळी रिकामी असूनही एरल खालीच झोपायचा, आणि सकाळी उठताना सवयीने डोकं वाचवायचा.

मर्व्ह नेमबाजीच्या मैदानाचा प्रमुख. वय अठ्ठेचाळीस, म्हणजे एरल बशीबाहेर गेलेला त्याने जन्मात पाहिला नव्हता. तो निशाणापर्यंत चालत जाऊन परत आला. मग म्हणाला की बंदूक जरा माझ्याकडे द्या. त्याने तीन गोळ्या मारल्या, तिन्ही बशीच्या मधोमध. शेजारी बेव्हन क्रॉस्बी उभा होता, त्याला दिली. त्याच्याही मधोमध. शेवटी मर्व्हने बेव्हनची बंदूक एरलच्या हातात ठेवली. तीन गोळ्या, चार इंच उजवीकडे.

दोन बंदुका आणि एक माणूस. निष्कर्ष सगळ्यांनी एकाच वेळी काढला. एरलने उजव्या डोळ्याला हात लावला. जानेवारीतच त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं.

बेव्हनने स्वतःची परीक्षा पुढच्या शनिवारवर टाकली आणि एरलला गाडीत घालून घरी आणलं. वाटेत दोघंही बोलले नाहीत. एरलकडे बोलण्यासारखं काही नव्हतं. बेव्हनकडे होतं.

बेव्हन हा एरलचा शेजारी. निवृत्त सर्व्हेअर, अर्धा साउथलँड प्रांत त्याने साखळी धरून मोजलेला. घरातल्या तसबिरी तो पाणसळ लावून टांगायचा, आणि दुसऱ्याच्या घरातली तिरकी तसबीर यजमान चहा आणायला गेले की सरळ करायचा. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांनी एरलला जड उचलायला मनाई केली, तेव्हा बंदूक तेलपाण्यासाठी बेव्हनच्या कपाटात आली. जुनी लष्करी ३०३, वर पोलादी नळीची तितकीच जुनी दुर्बीण. १९६९ साली लान्सने ती भावाला बसवून दिली होती. त्यानंतर एरलशिवाय कुणाच्या खांद्याला ती लागली नव्हती. त्या भागात माणूस एक वेळ मोटार उसनी देईल, बंदूक नाही.

तेल दिल्यावर तीन गोळ्या मारून बघायची रीत आहे. बेव्हनने मारल्या. चार इंच डावीकडे गेल्या. ज्या बंदुकीने एरल अर्धं शतक अचूक मारत आला ती डावीकडे कशी मारेल, हा प्रश्न त्याने एरलला विचारायला हवा होता. पण दुर्बीण कुठेतरी आपटली असणार, असं त्याने ठरवलं. स्क्रू सोडले तर दुर्बीण धरणाऱ्या मागच्या कड्यात, एका बाजूला, नळी आणि कडं यांच्यामध्ये तंबाखूच्या डबीच्या पत्र्याची नखाएवढी पट्टी. हे असलं गावठी काम बेव्हनच्या डोळ्यांना सोसवेना. त्याने पट्टी काढली, दुर्बीण सरळ बसवली, मारून खात्री केली आणि बंदूक परत दिली. काही बोलला नाही. उपकार बोलून दाखवू नयेत, हेही त्याचं एक तत्त्व होतं.

सोमवारी एरल इन्व्हरकार्गिल शहरात डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टर म्हणाला, डोळा उत्तम आहे. एरलने तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ वाचलीच, शिवाय त्याखालचं छापखान्याचं नावही वाचलं. बातमी चांगली होती आणि तिनेच एरल खचला. डोळ्याला औषध असतं. दोष डोळ्यात नसेल तर मग वयच.

बुधवारी दुपारी तो लान्सची किटली घेऊन बेव्हनच्या दारात उभा राहिला.

"ही तू ने यंदा," तो म्हणाला. "चुलीच्या डावीकडे खिळा आहे, त्याला टांग. उजवीकडच्याला नको, तो लान्सने ठोकलाय. लान्सने ठोकलेलं काही टिकत नाही."

"शनिवार अजून यायचाय."

"शनिवारी मी येत नाही. लोकांसमोर दोनदा कशाला?"

बेव्हनने किटली घेतली. ती रिकामी होती, तरी त्याने ती दोन्ही हातांनी धरली. एरल फाटकाबाहेर पडून नदीच्या वाटेने गेला. मग बेव्हन कुंपण ओलांडून एरलच्या मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरला.

एरलची बायको न्यारी आलुबुखारांची चटणी ढवळत होती. बेव्हनने उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं: तीन गोळ्या, पत्र्याची पट्टी, सरळ केलेली दुर्बीण. न्यारीने गॅस बारीक केला.

"सरळ केलीस," ती म्हणाली.

"तिरकी होती, न्यारी."

"तिरकीच होती. याच टेबलावर बसवली लान्सने, माझ्या धुतलेल्या चादरीवर. लग्नाला तीन महिने झाले होते माझ्या." ती खुर्चीत बसली. "एरल चाप दाबत नाही रे, ओढतो. दर वेळी तितकाच ओढतो. गोळी चार इंच उजवीकडे. लान्सने एकदा तोंडावर सांगितलं, तर दोन दिवस जेवला नाही एरल. मग लान्स म्हणाला, माणूस वाकडा असला तर बंदूक वाकडी करू, फिटंफाट."

"मग दुर्बिणीच्या स्क्रूने फुली सरकवायची. पट्टी कशाला?"

"ते मला काय माहीत? तू शहाणा ना?"

बेव्हनला उत्तर तिथेच सुचलं. जुन्या दुर्बिणीत स्क्रू फिरवला की आतली नेम धरायची फुली मधून सरकून कडेला दिसते. एरलला ते पहिल्याच नजरेत कळलं असतं. लान्सने म्हणून फुलीला हातच लावला नाही. अख्खी नळी केसभर वळवली. फुली मधोमध, एरल खूश, हरीण खाली. ज्याला तो गावठी काम म्हणाला होता ते त्याने आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात काटेकोर काम होतं.

"ती पट्टी फेकलीस?" न्यारीने विचारलं.

बेव्हन काही फेकत नसे. घरी एका लिफाफ्यावर त्याच्याच सुबक अक्षरात लिहिलेलं होतं: 'पत्रा, निरुपयोगी. एरलची बंदूक. १९ जानेवारी.'

गुरुवारी न्यारीने एरलला तिच्या बहिणीकडे लाकडं फोडायला पाठवलं आणि बेव्हनला बंदूक दिली. सरळ करायला जानेवारीत वीस मिनिटं लागली होती. वाकडी करायला त्याचा सबंध दिवस गेला. पट्टी थोडी पुढे बसली की पाच इंच, थोडी मागे की तीन. मैदानावर तो एकटाच पडून गोळ्या मारत होता आणि बशीबाहेर गेल्या की समाधानाने मान हलवत होता. चार वाजता नेमक्या चार इंच डावीकडे तीन गोळ्या गेल्या. इतकी अचूक चूक त्याच्या हातून कधी झाली नव्हती.

शनिवारी एरल यायला तयार नव्हता. न्यारीने त्याच्यापुढे दोनच गोष्टी ठेवल्या: मैदान, नाहीतर तिच्या बहिणीची उरलेली लाकडं. तो आला. पडला, श्वास सोडला, चाप ओढला. तीनदा.

मर्व्ह पुठ्ठा घेऊन चालतच आला, पण नेहमीपेक्षा भराभर. तिन्ही भोकं बशीच्या मधोमध होती. "म्हातारबा, गेल्या शनिवारी आमची गंमत केलीत होय?" तो म्हणाला. एरल हसला नाही. त्याने पुठ्ठा हातात घेतला, तीन भोकांवरून अंगठा फिरवला आणि घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

मग चहाची सुट्टी झाली. बेव्हन शेडबाहेर ऊन खात उभा राहिला. सत्कृत्य करून ते लपवण्याचं सुख तो चहाबरोबर हळूहळू घेत होता. सुट्टीनंतर त्याची पाळी होती. एकतीस वर्षांत त्याची एकही गोळी बशीच्या मध्यापासून इंचभराहून लांब गेली नव्हती.

तो पडला. दुर्बिणीतून पाहिलं, फुली मधोमध. त्याची दुर्बीण नव्या पद्धतीची, तिच्यातली फुली काहीही झालं तरी मधोमधच दिसते. त्याने तीन गोळ्या मारल्या.

मर्व्ह या वेळी सावकाश परत आला. बशी कोरी होती. तीन भोकं चार इंच डावीकडे, एकमेकांना खेटून.

एरल पुढे आला. त्याने पुठ्ठा पाहिला आणि बेव्हनला हाताला धरून बाजूला नेलं.

"हे कसं झालं, लेका?" तो हलक्या आवाजात म्हणाला. "मी तर आत्ताच नीट केली होती."

"काय नीट केलीस?"

"तुझी बंदूक. उजवीकडे मारते ती. गेल्या शनिवारी मारली तेव्हाच कळायला हवं होतं, पण मला वाटलं माझंच काहीतरी बिघडलंय. आज माझी सरळ गेली, तेव्हा उलगडा झाला: माझी त्या दिवशी नव्या डोळ्यामुळे चुकली, तो आता सरावला, पण तुझी मुळातच तशी." त्याने खिशातून एक गुळगुळीत तीन पेनीचं नाणं काढून दाखवलं. "लान्सचं. चलनातून गेलं सदुसष्ट साली, पण दुर्बिणीचा स्क्रू याच्यासारखा दुसऱ्या कशाने फिरत नाही. तू चहा पीत होतास तेव्हा स्क्रूला सोळा खटके डावीकडे दिले. मोजून. पाव इंचाला एक. एवढी वर्षं वाकडी बंदूक अंदाजाने सांभाळत फिरतोयस आणि तुला कुणी सांगितलं नाही, याचं वाईट वाटलं मला. तोंडावर बोललो असतो तर तू मनाला लावून घेतलं असतंस."

बेव्हनने तोंड उघडलं. त्याची बंदूक सरळ होती, आणि हे सिद्ध करायला त्याला तीन वाक्यं पुरली असती. पहिलं वाक्य चापाबद्दल होतं, दुसरं पट्टीबद्दल, तिसरं लान्सबद्दल. त्याने तोंड मिटलं.

मागे टेबलाशी मर्व्ह वहीत लिहीत होता: 'बेव्हन क्रॉस्बी, नापास.' लिहिताना त्याने दोनदा वर पाहिलं.

"बंदूक तर आता सरळ आहे," एरल म्हणाला. त्याचा हात अजून बेव्हनच्या कोपरावर होता. "म्हणजे राहिलं काय, तुला कळतंय. घाबरू नकोस. पुढचा शनिवार आहे, मी येतो बरोबर. किटली राहू दे तुझ्याकडेच, दोघं मिळून टांगू."

"हो."

"आणि तो इन्व्हरकार्गिलचा डॉक्टर चांगला आहे, अजिबात दुखत नाही. नंबर देऊ?"

"दे," बेव्हन म्हणाला आणि खिशातून टोकदार पेन्सिल काढून त्याने तो नीट, एकेक आकडा विचारून, उतरवून घेतला.