भुजंगरावांचं ‘व्हय’

डाक बंगल्यावरच्या बैठकीला निघालेल्या भुजंगरावांना चांगुणाबाईंनी उंबऱ्यातून परत बोलावलं आणि फेटा सोडून पुन्हा बांधायला लावला. “अवो, युनिव्हर्सिटीची माणसं हायेत ती. बाजारला निघाल्यावानी काय निघालात?” फेटा बांधून होईपर्यंत सुमन दाराशी उभी होती. तिनं बापाच्या वहाणा पुसून पुढं ठेवल्या होत्या, आणि त्यातच सगळं आलं.

निजामाच्या राजवटीची ती अखेरची वर्षं. युनिव्हर्सिटी तिकडं हैदराबादेत, आणि मॅट्रिकच्या पुढं शिकायचं तर गाठोडं बांधून बहुधा तिकडंच जावं लागे. हिंगोलीत इंटरचे वर्ग काढावेत की नाही, हे ठरवायला युनिव्हर्सिटीनं एक कमिटी पाठवली होती. सुमन संतराम मास्तरांकडून घरीच शिकून बाहेरून मॅट्रिक पास झाली होती आणि पुढं शिकायचंच म्हणून हटून बसली होती. इकडं जवळा बाजार गावच्या माणिकरावांनी आपल्या मुलासाठी तिला मागणी घातलेली. भुजंगरावांनी मधला मार्ग काढला होता. हिंगोलीत वर्ग निघाले तर सुमन शिकेल, न निघाले तर वैशाखात लग्न. पोरीला एकटीला हैदराबादला धाडायचं, एवढी काही त्यांची छाती नव्हती.

आता कमिटीचा नियम असा, की एक मेंबर गावचा पाहिजे, आणि त्यालाही मत पाहिजे. हिंगोलीकरांनी एकमुखानं भुजंगरावांचं नाव दिलं. साखऱ्याला जमीन, हिंगोलीत घर आणि उभ्या गावात एकही वैरी नाही. वैरी नव्हता, कारण भुजंगराव ऐकून घेत. समोरचा श्वास घ्यायला थांबला, की खालच्या पट्टीत, मान जराशी कलती करून ते म्हणत, “व्हय.” या ‘व्हय’चा अर्थ ‘हो’ असा नव्हताच मुळी. माझं लक्ष आहे, चालू द्या, एवढाच. दोन भाऊ भांडले तर दोघंही येऊन त्यांना आपापलं सांगत, दोघांनाही ‘व्हय’ मिळे आणि दोघंही समाधानानं घरी जात. “समोरचा बोलून राहिला आन् आपुन दगडावानी बसावं, ह्ये काय माणसाचं लक्षण हाय?” असं भुजंगरावांचं म्हणणं. हिंगोलीत हे लहान पोरालाही ठाऊक होतं. पण कमिटी हिंगोलीची नव्हती ना!

डाक बंगल्यात सतरंजी अंथरून त्यावर टेबल मांडलं होतं. एक दाढीवाले प्रोफेसर होते, त्यांचा हिंगोलीला विरोध. एक चष्मेवाले प्रोफेसर होते, ते हिंगोलीच्या बाजूचे. अध्यक्ष कुणाच्याच बाजूचे नव्हते. त्यांना रात्र पडण्याआधी जेवायचं होतं. ते सुरुवातीलाच म्हणाले, “गाव का मेंबर जिधर, मैं उधर.” झालं! हिंगोलीचं कॉलेज आणि सुमनचं नशीब भुजंगरावांच्या फेट्याखाली येऊन बसलं.

दाढीवाले उठले. “इधर कॉलेज के लायक लडके ही कितने हैं?” असं विचारून ते श्वास घ्यायला थांबले.

“व्हय,” भुजंगराव म्हणाले.

दाढीवाल्यांनी चमकून पाहिलं. “गर्मी में पानी की तकलीफ!”

“व्हय. लई तकलीफ.”

“कपास के मौसम में जिनिंग का शोर! पढाई कैसे होगी?”

“बराबर.”

“हैदराबाद का प्रोफेसर इधर टिकेगा नहीं!”

“न्हाई टिकायचा,” भुजंगराव हळहळून म्हणाले.

आता त्या बिचाऱ्या दाढीवाल्यांचाही विचार करा. उभा जन्म वर्गात शिकवण्यात गेलेला. समोर पोरं पेंगायची, घरी बायको ऐकायची नाही. असा श्रोता त्यांना आयुष्यात पहिल्यांदा भेटत होता. ते खुलले. पाच वाक्यांत संपणारं भाषण त्यांनी दिवे लागेपर्यंत लांबवलं, आणि भुजंगरावांनी एकही ‘व्हय’ चुकवलं नाही. चष्मेवाले मधे दोनदा उठले आणि भुजंगरावांचा चेहरा पाहून दोनदा खाली बसले. शेवटी अध्यक्षांनी टेबलावर हात ठेवला. गावच्या मेंबराचं मत स्वच्छ कळलं आहे, ठराव उद्या सकाळी वाचून कायम होईल, असं म्हणून ते जेवायला उठले. जाताना दाढीवाल्यांनी भुजंगरावांना कडकडून मिठी मारली.

मिठी घेऊनच भुजंगराव घरी आले. ओसरीवर संतराम मास्तर केव्हाचे येऊन बसले होते. “मास्तर, काय बोलला तो मानूस! समदं हिंगोलीच्या इरुद्ध बोलला, पर म्या एक शब्द तोडला न्हाई. उद्या मत द्यायच्या वक्ताला बरोब्बर आपल्या बाजूनं देतो.”

मास्तर पुढं सरकले. “भुजंगराव, तो बोलून राहिला तवा तुमी ‘व्हय’ तर म्हणाला न्हाईत ना?”

“आता समोरचा एवढा जीव तोडून बोलून राहिला म्हंल्यावर...”

“अगं बाई!” चांगुणाबाई आतून बाहेर आल्या. “अवो, त्येच तुमचं मत धरलं की त्यायनी!”

तेव्हा कुठं भुजंगरावांना मिठीचा अर्थ लागला. त्यांनी दाराकडं पाहिलं. सुमन तिथं उभी होती, ती आत निघून गेली.

“अजून येळ गेली न्हाई,” मास्तर म्हणाले. “उद्या ठराव वाचतील. वाचून झाला की अध्यक्ष इचारतील, कुणाची हरकत हाय का? तवा उभं ऱ्हायचं आन् म्हणायचं, मला मंजूर न्हाई. पर तोवर त्वांडातून ‘व्हय’ काढायचं न्हाई. चला, तालीम करू. म्या अध्यक्ष. हिंगोलीत पाणी नाही...”

“व्हय.”

“अवो, तेच म्हणायचं न्हाई!”

“व्हय.”

“तुमाला कळून राहिलं का म्या काय म्हणतो ते?”

“व्हय, व्हय!”

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. त्या माणसाचा दोष नव्हता हो. पापणी लवावी तसं ते ‘व्हय’ लवत होतं. शेवटी तोड चांगुणाबाईंनी काढली. सकाळी त्यांनी दोन्ही गाल फुगतील एवढा विडा केला, चुना, कात, सुपारी सढळ हातानं घातली आणि नवऱ्याच्या तोंडात स्वतः कोंबला. “ह्यो असाच धरा. वाचून झालं की थुका आन् बोला.” तोडगा नामी होता. तोंडात विडा असलेला माणूस ‘व्हय’ म्हणू शकत नाही, हे कोणीही कबूल करील.

आणि खरोखरच भुजंगराव म्हणाले नाहीत. ठराव दाढीवाल्यांनी स्वतः लिहिला होता, म्हणजे तो लांब होता. पाण्याची तकलीफ आली, भुजंगराव गप्प. जिनिंग आलं, गप्प. दाढीवाले वाचताना थांबून थांबून त्यांच्याकडं आशेनं पाहत, आणि काही न मिळाल्यानं हिरमुसून पुढं जात. चष्मेवाल्यांना जरा हुरूप आला. इकडं भुजंगरावांच्या तोंडात रस चढत चालला होता. गाल भरले, डोळ्यांत पाणी आलं, पण गडी हलला नाही. लेकीसाठी बसला होता तो.

“किसी को एतराज?” अध्यक्षांनी विचारलं.

भुजंगराव ताडकन उठले. हात वर केला आणि म्हणाले, “म्म्म्!”

“जी?”

“म्म्म्म्!”

आता थुंकायचं कुठं? पिकदाणी दिसेना. खाली सरकारी सतरंजी. समोर अध्यक्ष. तोंड उघडलं तर अध्यक्षांची पांढरी शेरवानी लाल होणार. भुजंगरावांनी वर केलेला हात तसाच कपाळाशी नेला, म्हणजे माफ करा, जरा थांबा, आणि धावतच बाहेर पडले. पायऱ्या उतरून, कुंपणापाशी लिंबाच्या झाडाखाली त्यांनी विडा थुंकला. तेवढ्यावर परत यावं की नाही? पण उष्ट्या तोंडानं साहेबांपुढं बोलायचं कसं? म्हणून ते हौदावर गेले, खळखळून चूळ भरली, मिशा पुसल्या, फेटा सारखा केला.

आत अध्यक्षांनी त्या कपाळाशी गेलेल्या हाताचा अर्थ सलाम असा घेतला. गावच्या मेंबरानं निरोप घेतला, हरकत कुणाचीच नाही, ठराव कायम. गाडीची वेळ झालीच होती. टांगे मागच्या फाटकाशी उभे होते.

भुजंगराव आत आले, छाती काढून उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “मला मंजूर न्हाई!”

सतरंजीची घडी घालत असलेला शिपाई म्हणाला, “व्हय, मालक.”

त्या दिवशी भुजंगरावांनी घरी येऊन फेटा खुंटीला लावला आणि शपथ घेतली, की आता कुणी बोलत असताना तोंडातून ‘व्हय’ काढायचं नाही. आणि शपथा मोडणारा माणूस नव्हता तो, हेच वाईट झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते ओसरीवर बसले असताना सुमन येऊन जवळ बसली.

“आबा, मास्तरांची बहीण हैदराबादला ऱ्हाते.”

एवढं बोलून ती थांबली. लहानपणापासून ती अशीच बोलायची. एक वाक्य, मग बापाचं ‘व्हय’, मग पुढचं वाक्य. भुजंगरावांच्या ओठांवर शब्द आला होता. त्यांनी दात दाबून धरले.

“तिच्या घरी ऱ्हायची सोय व्हते.”

भुजंगराव अंगणाकडं पाहत राहिले.

“मास्तर सोता नेऊन घालतो म्हणले. सुटीला येत जाईन...”

ती बराच वेळ थांबली. मग पदर सारखा करून उठली. “असू द्या, आबा,” म्हणाली आणि आत गेली. साऱ्या हिंगोलीचं ऐकून घेणारा माणूस पोटच्या पोरीपुढं दगडावानी बसला होता. तिनं आणखी एक वाक्य बोलायला हवं होतं, आणखी एक बोलली असती तर आपण नक्की ‘व्हय’ म्हणालो असतो, असं भुजंगराव मागाहून मास्तरांना सांगत.

वैशाखाआधी माणिकराव सुपारी फोडायला आले. ओसरीवर दोन्हीकडची माणसं बसली. आल्या आल्या माणिकरावांनी व्याह्याला मानाचा विडा दिला, आणि मानाचा म्हणून भुजंगरावांनी तो तोंडात घातला. माणिकराव भला माणूस. पोरीला विचारल्याशिवाय सुपारी फोडायची नाही, असं त्याचं म्हणणं. सुमनला समोर बसवून तो मायेनं म्हणाला, “पोरी, आमचं घर मोठं. मानसं लई.”

“व्हय,” सुमन म्हणाली.

“कापसाच्या दिसात घडीची फुरसत न्हाई.”

“व्हय.”

“शाळा-बिळा आमच्यात कुनी केली न्हाई. पोथी वाचता आली म्हंजी बास झालं, न्हाई का?”

“बराबर,” सुमन म्हणाली. खालच्या पट्टीत, मान जराशी कलती करून.

“गुणाची पोर!” सगळी ओसरी म्हणाली. चांगुणाबाईंनी डोळे पुसले.

त्या ओसरीवर एकट्या भुजंगरावांनाच ठाऊक होतं, की हे ‘व्हय’ म्हणजे ‘हो’ नव्हे. पोरीचं नुसतं लक्ष होतं. ते ताडकन उठले, हात वर केला. तोंडात विडा होता. खाली पाहुण्यांसाठी अंथरलेलं नवं जाजम होतं. ते धावत बाहेर गेले, थुंकले, घाईनं चूळ भरली, या वेळी मिशा पुसायलाही थांबले नाहीत.

परत आले तेव्हा सुपारी फुटली होती. जो तो साखर खात होता.

“कुठं गेला हुता, व्याही?” माणिकरावांनी त्यांच्या हातावर साखर ठेवली. “पोरीला समदं इचारलं. व्हय म्हणाली.”

सुमननं मान वर करून बापाकडं पाहिलं. भुजंगरावांच्या मिशांवरून पाणी ठिबकत होतं. सगळी माणसं त्यांच्या तोंडाकडं पाहत थांबली होती.

“व्हय,” भुजंगराव म्हणाले.