व्हॅक्यूम क्लीनरमधलं झुडूप

वाळवायचं कसं, हे मला कुणी शिकवू नये! आजवर मी लोकर वाळवली, फुलं वाळवली, बादलीत पडलेला अख्खा शब्दकोश पान न् पान वाळवला. त्यामुळे आमच्या बियांच्या बागेत बाईंनी जेव्हा विचारलं, "या शेंगा घरी नेऊन कोण वाळवेल?" तेव्हा त्यांचा प्रश्न संपायच्या आत माझा हात वर होता.

आमची बाग शोभेची नाही. गावाबाहेरच्या बंद खाणीचा उतार पार बोडका झालाय. तिथे पूर्वी जी झुडपं होती तीच परत लावायची, म्हणून आम्ही दहा-बारा जण बागेत ती वाढवतो आणि त्यांचं बी धरतो. बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. निवृत्त झाल्या, पण आमच्याशी अजून वर्गात असल्यासारख्याच बोलतात. दोन वर्षं त्यांनी मला तण उपटण्यापलीकडे काही करू दिलं नव्हतं. आणि आता एकदम काळ्या शेंगांचं झुडूप! तशी झुडपं सगळ्या परिसरात मोजून तीन उरलीत. त्यांचं वर्षभराचं बी माझ्या हातात!

"सोमवारी पेरायचंय," बाई म्हणाल्या. "कागदी पिशवीत घाला, तोंड बांधा आणि मग वाळवा."

"हो, हो!" म्हणत मी घरी आले आणि सगळ्या शेंगा बैठकीच्या खिडकीत मोठ्या ट्रेवर उघड्या पसरल्या. तोंड बांधून कधी काही वाळतं का? बुरशी येते! बाईंकडे विज्ञान असेल, माझ्याकडे अनुभव होता.

रविवारी दुपारी ऊन चढलं. सासूबाई खुर्चीत डुलकी काढत होत्या.

टक्!

"सूनबाई, मला कुणीतरी खडा मारला."

"स्वप्न पडलं असेल, आई."

टक्! टकाटक!

"मग माझं स्वप्न तुझ्या चष्म्यावर कसं आपटलं?"

मी खिडकीकडे पाहिलं. शेंगा एकेक करून पिळवटत होत्या, फुटत होत्या आणि बी गोफणीतून सुटल्यासारखं भिरकावत होत्या! आपलं बी लांब जावं म्हणून या झुडपाने काढलेली ही युक्ती. पिशवीचं तोंड बांधायचं ते यासाठी, हे ज्ञान मला सोफ्यामागे लपल्यावर झालं. सासूबाईंनी डोक्यावर उशी धरली. उरलेल्या शेंगांवर चादर टाकायला मी रांगत चादर शोधायला आत गेले.

तेवढ्यात आमचे हे तिकडून बैठकीत आले. यांचं घरात एकाच वस्तूवर प्रेम आहे, व्हॅक्यूम क्लीनर. गालिचाभर कचरा बघून यांना धन्य वाटलं असणार.

घर्रर्र!

"अहो, थांबा! थांबा!"

"काय? सोफ्याखाली पण करू?"

मी प्लग उपटला तेव्हा ट्रेवर नुसती फुटकी टरफलं उरली होती आणि गालिचा आरशासारखा लखलखत होता. आणि अख्ख्या उताराचं रान त्या मशीनच्या डब्यात, बागेतून माझ्या बुटांनी आणलेल्या वाळूबरोबर, गरगर फिरून नुकतंच थांबलं होतं.

"बघ, दोन मिनिटांत!" हे अभिमानाने म्हणाले. मग माझा चेहरा पाहून, "अगं, काय झालं?"

मी खाली बसून रडायलाच लागले. बाईंना काय तोंड दाखवू?

"इथे पाणी घालू नकोस, गालिच्यात उगवतील," सासूबाई म्हणाल्या. "जुनी चादर आण. आणि खालच्या शिंपीणबाईंना हाक मार. त्यांच्याइतकी नजर कुणाची नाही."

शिंपीणबाई हातातला झंपर तसाच टाकून आल्या. डबा चादरीवर उलटा केला. केस, धूळ, वाळू, दोन बटणं, आणि त्यात मुंगीच्या डोक्याएवढं बी! चार तास आम्ही चौघं डोकी जुळवून वेचत होतो. हे भिंग घेऊन पालथे पडले होते. "मला विचारायला हवं होतं गं," एवढंच दर दहा मिनिटांनी म्हणत होते. मला मात्र कुणीही शब्दाने बोललं नाही. असली माणसं मिळायला नशीब लागतं. शेवटी वाटीभर बी जमलं.

सोमवारी मी वाटी दिली आणि बाईंनी काही विचारायच्या आत पळाले. घाबरट तर घाबरट!

तीन आठवड्यांनी बाईंचा फोन आला, "ताबडतोब या."

गेले. रोपवाटिकेत वाफा हिरवागार झाला होता!

"दरवर्षी शंभरातलं वीस उगवतं," बाई म्हणाल्या. "कवच फार टणक. यंदा जवळजवळ सगळं आलं. उरलेलं बी भिंगाखाली पाहिलं तर प्रत्येकावर बारीक ओरखडे. ओरखड्यांतून पाणी आत शिरलं. तुम्ही नक्की केलंत काय?"

मी सगळं सांगून टाकलं. सोफा, उशी, मशीन, वाळू, काही लपवलं नाही. बाईंनी वहीत दोन ओळी लिहिल्या. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मशीन कोणी चालवलं?"

"आमच्या ह्यांनी."

"त्यांना घेऊन या."

आता दर रविवारी हे बागेत शिकवतात. वाळू किती, बी किती, डबा किती वेळ फिरवायचा. बाई त्यांना "सर" म्हणतात! सासूबाई आणि शिंपीणबाई खुर्च्या टाकून बी निवडतात. उतारावर गुडघाभर उंचीची रोपं उभी आहेत. त्यांच्याकडे पाहिलं की माझा ऊर भरून येतो, आणि मी पुन्हा खाली वाकून तण उपटायला लागते. होय, तणच.

मशीन बाईंनी बागेसाठी ठेवून घेतलं. घर मी झाडूने झाडते. अगदी कोपरान् कोपरा, आणि सुपलीतला केर टाकण्याआधी चष्मा लावून दोनदा बघते.