उशाशी येणारा वास

सकाळी जाग आली ती वासानं. कुजका, गंजल्यासारखा वास, आणि अगदी नाकाशी. तोळासाहेब उठले, दात घासले, चुळा भरल्या, वास गेला. चहाचा कप घेऊन ते पलंगावर येऊन बसले, त्यांची मांजर गोणी नेहमीप्रमाणे मांडीवर आली, आणि वास परत आला.

तोंड धुतलं की वास जातो, म्हणजे वास तोंडाचा आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. निष्कर्ष काढायची ही पद्धत त्यांनी नोकरीत वर्षानुवर्षं वापरली होती आणि तिथं ती कधी चुकली नव्हती. फक्त तिथं काट्याशेजारी मांजर बसलेलं नसे.

दुकानदारांचे तराजू आणि काटे तपासायच्या कचेरीत ते नोकरीला होते. रतीभर फरकसुद्धा सोडत नसत, म्हणून दुकानदारांनी त्यांचं नाव तोळासाहेब ठेवलं होतं. गोणीचं नाव मात्र त्यांनी स्वतः ठेवलं होतं, कारण तिला उचलताना कंबरेत उसण भरे. आई गेल्यावर तिची उशी त्यांनी आपल्या उशीशेजारी आणून ठेवली होती, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. ती उशी गोणीनं परस्पर ताब्यात घेतली.

वास आपलाच आहे याची खात्री करायची, तर दुसऱ्याचं नाक हवं. तोळासाहेबांनी ओळखीची सगळी माणसं मनात फिरवून पाहिली. तोंडापाशी नाक आणा आणि खरं काय ते सांगा, असं ज्याला म्हणता येईल असं त्यात कुणी सापडेना. शेवटी त्यांनी दूरदेशी राहणाऱ्या ताईला फोन लावला.

"फोनवरून मला काय कळणार, बाळ?" ताई म्हणाली. "मिठाच्या पाण्यानं गुळण्या कर. आणि जेवतोस ना वेळेवर?"

गुळण्या केल्या, लवंग चघळली, नवा ब्रश आणला. दुसऱ्या दिवशी पहाटे वास होताच. कचेरीत मात्र येत नव्हता, पण त्याचं तोळासाहेबांना नवल वाटलं नाही. स्वतःच्या वासाला नाक सरावतं, हे त्यांनी कुठंतरी वाचलेलं होतं. म्हणजे आपल्याला येत नसला तरी समोरच्याला येत असणार.

समोर शिक्केबाई बसत. तोळासाहेबांनी तपासलेल्या काट्याला चिठ्ठी बांधायची आणि तिच्यावर वर्षभराच्या मुदतीचा शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. दोघांच्या मधे एक लांबलचक टेबल होतं. त्याच टेबलावर दुपारी दोघांचे डबे उघडत, आणि डबा संपेपर्यंत थोडं बोलणं होई. हवा, भाज्यांचे भाव, गोणीच्या खोड्या. दिवसभरात तोळासाहेबांचं एवढंच बोलणं. बाकीचं बोलणं आकड्यांत असे.

तोळासाहेबांनी खुर्ची टेबलाच्या पार टोकाला नेली. तोंडाला मास्क लावला आणि सर्दी झाल्याची खूण केली. काटे तपासून झाले की ते मान हलवत. होकाराची वेगळी, नकाराची वेगळी. डबा ते जिन्याखाली उभे राहून खाऊ लागले.

कचेरीत तर्कांना ऊत आला. कुणी म्हणालं बदलीचा अर्ज दिलाय, कुणी म्हणालं मौन धरलंय. हिशेबनिसानं तर शिक्केबाईंनाच विचारलं की तुमचं काही बिनसलंय का. बाई मानी होत्या. आपल्याशी बोलायचं नसेल तर नसो, म्हणून त्यांनीही डबा आतल्या खोलीत न्यायला सुरुवात केली.

तोळासाहेबांनी ते पाहिलं. वास आतल्या खोलीपर्यंत जात नसावा, म्हणून त्या तिथं बसत असतील, असं त्यांना वाटलं.

मग ते दातांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी सगळे दात ठोकून पाहिले, हिरड्या पाहिल्या, वासही घेऊन पाहिला आणि काही नाही म्हणाले. पण बिघडलेल्या काट्याच्या शपथा घेणारे दुकानदार तोळासाहेबांनी पुष्कळ पाहिले होते. डॉक्टरांचं नाक शेवटचं कधी तपासलं गेलं होतं, कोण जाणे. शिवाय माणूस सभ्य दिसत होता. तोंडावर कसं सांगेल?

खरं काय ते गोणीनं सांगितलं, असं त्यांना त्या संध्याकाळी वाटलं. त्यांनी वाटी खाली ठेवली आणि रोजच्यासारखे शेजारी बसले. गोणी लगबगीनं आली, वाटीत तोंड घातलं, एकदम ओरडून मागे सरली, पंजानं तोंड पुसत पळाली आणि पलंगाखाली जाऊन बसली. तिलाही सहन होईना म्हणायचं. त्या दिवसापासून तोळासाहेब वाटी ठेवून खोलीबाहेर जात, दार लोटून घेत आणि स्वयंपाकघरात उभ्यानं स्वतःचं जेवण उरकत. उशीवर सकाळी लाळेचे डाग दिसत. झोपेत आपलीच लाळ गळते, असं म्हणून ते दोन्ही अभ्रे धूत.

महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांनी सवयीप्रमाणे गोणीला घरच्या काट्यावर ठेवलं. काटा फारच कमी दाखवू लागला. दुसऱ्या कुणाला मांजराची काळजी वाटली असती. तोळासाहेबांना काट्याची वाटली. त्यांनी तो पुसला, सपाट जागी ठेवला, पुन्हा पाहिलं आणि सोमवारी पिशवीत घालून कचेरीत नेला.

प्रमाण वजनं ठेवून पाहिली. काटा चोख होता. दुसऱ्यांदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. शिक्केबाई शिक्का घेऊन थांबल्या होत्या.

"काटा बरोबर आहे ना?" त्या म्हणाल्या. "मग चेहरा का असा? काय कमी भरलं?"

मान हलवून सांगता येण्यासारखं हे नव्हतं.

"मांजर," तोळासाहेब मास्कमधून म्हणाले.

शिक्केबाईंनी शिक्का खाली ठेवला आणि पर्स उचलली. कचेरी सुटायची वाट न पाहता दोघं घरी आली. बाईंनी गोणीला पलंगाखालून ओढून काढलं, पदरात गुंडाळलं आणि एका बोटानं तिचा ओठ वर केला. हिरड्या लालबुंद होत्या, सुजून दातांवर आल्या होत्या. बाईंनी झटकन तोंड फिरवलं.

"अगं बाई, केवढा वास हा."

"तो माझा," तोळासाहेब म्हणाले. ते लांब उंबऱ्यातच उभे होते.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग गोणीकडे, मग शेजारीशेजारी ठेवलेल्या उशांकडे.

"तुमचा? आणि तो तिथून इथं, मांजराच्या तोंडात आला?"

जनावरांच्या डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. दातांवरच्या किटणावर हल्ला करता करता शरीर स्वतःच्याच हिरड्या सुजवून घेतं, आणि औषधांनी भागलं नाही तर दात काढणं हाच उपाय. बिनदातांची मांजरं मजेत जेवतात. पण खाताना ती किंचाळून पळत असेल तेव्हाच आणायला हवं होतं. तेव्हा समोर कोणी नव्हतं का?

"नव्हतं," तोळासाहेब म्हणाले. "मी दार लावून घेत होतो. तिला त्रास नको म्हणून."

परतताना रिक्षात शिक्केबाईंनी गोणीला मांडीवर घेतलं. "मला विचारायचं ना," त्या म्हणाल्या.

"असं कसं विचारणार तुम्हाला?"

"आणि मी महिनाभर काय समजत होते, त्याचं काय?"

तोळासाहेबांनी मास्क नाकावर आणखी वर ओढला.

गोणीचे दात निघाले. काही दिवस पातळ भरवावं लागलं, मग ती वाटी चाटूनपुसून लख्ख करू लागली. काटा पुन्हा वर चढला, आणि या खेपेला तोळासाहेबांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. खुर्ची जुन्या जागी आली. पण मास्क काही सुटेना. इतके दिवस खात्रीचं वाटलेलं, एकदम कसं सोडायचं?

एका दुपारी डबे उघडण्याआधी शिक्केबाई टेबलावरून पुढे वाकल्या.

"काढा ते. आणि हाऽ करा."

तोळासाहेबांनी मास्क काढला, डोळे मिटले आणि हाऽ केला. बाईंनी सावकाश वास घेतला.

"चहा. थोडी लवंग." त्यांनी शिक्का शाईत टेकवला आणि तोळासाहेबांच्या मनगटावर दाबला. "वर्षभर चालेल."

त्या संध्याकाळी तोळासाहेबांनी भांडी एकाच हातानं घासली. मग ते गोणीच्या वाटीशेजारी जाऊन बसले. गोणीनं जेवण संपवलं, त्यांच्या मनगटापाशी आली आणि आपल्या खरखरीत जिभेनं शाई चाटू लागली. अक्षरं फिकट झाली, मग कडा गेली.

शिक्का पुसला गेला की मुदत असो नसो, नव्यानं तपासणी करून घ्यावी लागते; हा नियम तोळासाहेबांना तोंडपाठ होता. त्यांनी हात मागे घेतला नाही.