तांबडीच्या गळ्यातला गोळा

कोंबड्यांतलं मला सगळं कळतं, हे आधीच सांगून ठेवतो. मागाहून कुणी शंका काढायला नको! आमच्या अख्ख्या टेकडीवर कोंबडीपालनाचं प्रमाणपत्र असलेला माणूस एकच, आणि तो मी. एक दिवसाचा वर्ग होता. सकाळी चहा, दुपारी मक्याच्या पिठाची भरपेट उगाली आणि मासे, संध्याकाळी प्रमाणपत्र. जेवणानंतरचा तास मी डोळे मिटून ऐकला, एवढंच. त्या तासाला नेमकं काय शिकवलं, ते मला ऑगस्टच्या सुट्टीत कळलं.

माझी बायको नेलिमा चर्चच्या बायकांच्या तीन दिवसांच्या मेळाव्याला निघाली होती. तिथे फोनसुद्धा दारातच काढून घेतात. पिशवी खांद्याला अडकवून ती अंगणात थांबली आणि तांबडी कोंबडीकडे बोट दाखवून म्हणाली, "मास्तर, घराला आग लागली तर आधी हिला बाहेर काढा. मग तुम्ही निघा."

"आणि तुझं शिलाई मशीन?"

"ते तुमच्यानंतर."

म्हणजे माझा नंबर दुसरा तरी होता! पण नेलिमाचं चुकत नव्हतं. तांबडी तिला तिच्या आईनं गेल्या नाताळात दिली होती. त्यानंतर दोनच महिन्यांत सासूबाईंच्या खुराड्यात रोग शिरला आणि आठवड्यात तेवीस कोंबड्या गेल्या. त्या कोंबड्या सासूबाईंना त्यांच्या आईनं दिलेल्या, आणि आईला तिच्या आईनं. तो सगळा वंश संपला आणि शिल्लक राहिली ही एकटी तांबडी. सासूबाईंनी खुराडं धुतलं, चुना लावला, महिनोन्‌महिने रिकामं ठेवलं. आता शनिवारी त्या तांबडीला न्यायला येणार होत्या. नेलिमा सांगते, रिकाम्या खुराड्यासमोर बसून आईनं कितीदा तरी डोळे पुसले.

सासूबाई येणार म्हटल्यावर मी अंगण आरशासारखं करायचं ठरवलं. कोयता घेतला आणि गुरुवारी कंबरभर वाढलेलं गवत सपासप कापून काढलं. कापलेलं तिथेच टाकलं, म्हटलं उन्हात वाळेल, मग उचलू. कोंबड्या त्या गवतावर तुटून पडल्या. संध्याकाळी तांबडीच्या गळ्याखाली ही एवढी गाठ टरारून फुगलेली! मला तर धन्य वाटलं. काय जेवली पोर! दोन दिवस अशीच जेवली तर सासूबाई जावयाचं कौतुक करून थकतील!

शुक्रवारी सकाळी खुराडं उघडलं. बाकीच्या बाहेर धावल्या. तांबडी कोपऱ्यात मान वाकडी करून उभी. दाणा टाकला तर बघेना. गाठ तशीच, उलट जास्तच टणक. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी थेट शेजारच्या सितातीला हाक मारली.

सिताती मोटरसायकलवर माणसं नेतो-आणतो. रस्त्यावर दिवस काढल्यामुळे त्याला जगातल्या सगळ्या विषयांतलं थोडं थोडं ठाऊक असतं. त्यानं गाठीला बोट लावलं आणि गंभीर झाला.

"मास्तर, अंडं आहे हे."

"गळ्यात?"

"वर चढलंय. खड्ड्यांच्या रस्त्यानं माझ्या एका गिऱ्हाइकाचा नाश्ता असाच वर चढला होता."

"अरे, ही कधी मोटरसायकलवर बसली?"

"मग घासच अडकलाय. उलटी धरा आणि झटका द्या. बाटलीतली चटणी काढतो तशी!"

मला ते पटलं! काय करणार, वर्गात त्या वेळी मी झोपलो होतो ना! मी तांबडीचे पाय धरले, तिला उलटी केली आणि झटका देण्यासाठी हात वर उचलला. त्याच क्षणी केळीच्या बनातून किंकाळी आली.

"अगं बाई! कापू नका! माझ्यासाठी कापू नका!"

सासूबाई! एक दिवस आधी! त्यांचा भाचा उसाचा ट्रक चालवतो, त्यात जागा मिळाली म्हणून आल्या होत्या. आणि येताच बघतात तर काय? जावई त्यांची शेवटची कोंबडी पायाला धरून उचलतोय! आमच्याकडे पाहुणा दारात आला की कोंबडी पायाला धरूनच उचलतात, आणि पुढे पातेल्यातच जाते. त्यांचं काय चुकलं?

आता इथे माझी खरी पंचाईत झाली. आमच्यात जावई आणि सासू समोरासमोर येत नाहीत. बोलायचं नाही, हात मिळवायचा नाही, वस्तू हातात द्यायची नाही. रस्त्यात गाठ पडली तर एकानं झुडपात शिरायचं. लग्नाला तीन वर्षं झाली, पण सासूबाईंचा चेहरा मी नेलिमाच्या फोनवरच्या फोटोतच पाहिलाय. त्यामुळे खुलासा करायचा सोडून मी तांबडीसह चुलीच्या झोपडीत सूर मारला आणि दार ओढून घेतलं. तिथे सुरीपण असते!

"आत नेली! कापायला आत नेली!" सासूबाई केळीमागे ऊर बडवू लागल्या.

"सिताती!" मी कुडातून ओरडलो. "त्यांना सांग, कापत नाहीये! आजारी आहे!"

सिताती अंगणाच्या मध्यावर छाती काढून उभा राहिला. असं महत्त्व त्याला रोज कुठे मिळतं? "आई, मास्तर म्हणतात, कोंबडी आजारी आहे म्हणून कापत नाहीत!"

"म्हणजे बरी असती तर कापली असती?"

"तसं मास्तर काही बोलले नाहीत."

"सिताती! गळ्याखालची पिशवी फुगलीय म्हणून सांग!"

ते ऐकून सासूबाईंचं रडणं एकदम थांबलं. आवाजच बदलला. आमच्या शाळेत तपासनीस येतात तेव्हा त्यांचा असतो तसा. "विचार जावयाला, पिशवी सकाळीच अशी होती का? दाणा टाकायच्या आधी?"

"होती!"

"संध्याकाळी सगळ्यांचीच भरलेली असते. सकाळी रिकामी असायला हवी. आता विचार, दगडासारखी टणक की पाणी भरल्यासारखी मऊ?"

"टणक!" मी आतून.

"टणक!" सिताती बाहेरून, जणू त्याचाच शोध.

"चोचीला आंबूस वास येतो का?"

मी आयुष्यात पहिल्यांदा कोंबडीचं तोंड हुंगलं. "नाही!"

"मग आतलं आंबलेलं नाही, तटलंय. निघेल." त्या 'निघेल'नं माझ्या जिवात जीव आला. सासूबाई पुढे म्हणाल्या, "पण तिला उलटी धरायची अक्कल कुणाची? आतलं पाणी नरड्यात उतरलं की कोंबडी गुदमरून जाते!"

सितातीनं आभाळाकडे पाहिलं. सासूबाईंना संशय आला. "तू कोण रे बाबा? बायको कुठली तुझी?"

"चारच महिने झाले लग्नाला, आई. नासाम्बु. नदीपलीकडच्या मुक्वानांची थोरली."

केळीमागून सासूबाई बारीक आवाजात म्हणाल्या, "मुक्वानाची बायको माझी चुलत बहीण."

म्हणजे सितातीही त्यांचा जावई! इतका वेळ तो सासूसमोर छाती काढून उभा होता, वर तिच्याशी वाद घालत होता! दुसऱ्या क्षणी झोपडीचं दार धाडकन उघडलं आणि सिताती माझ्या अंगावर येऊन आदळला. आता आत दोन जावई आणि एक कोंबडी, बाहेर एक सासू, आणि मधे बोलायला कुणी नाही. तांबडीनं एक केविलवाणा आवाज काढला. तेवढ्यानं सासूबाईंना वाट सापडली.

"तांबडे," त्या मोठ्यानं म्हणाल्या, "जावयाला सांग, दोन चमचे तेल आणि कोमट पाणी लागेल."

मी सितातीकडे बघितलं, सितातीनं माझ्याकडे. आम्हांला सासूशी बोलायला बंदी. कोंबडीशी बोलायला कुणाची बंदी?

"तांबडे," मी म्हणालो, "सासूबाईंना सांग, पाणी चुलीवर आहे, पण तेल मोठ्या घरात राहिलंय."

"तांबडे, सांग, मी पाठ करून उभी राहते. घेऊन या."

मी डोक्यावर सूप धरलं, चेहरा झाकला आणि अंदाजानं अंगण ओलांडायला निघालो. दहा पावलं चांगली गेली. अकराव्याला पाय लांब गवतात गुंतला आणि मी सुपासकट लांबलचक आडवा!

"काय पडलं गं तांबडे?"

"तांबडे, सांग, मी."

"कशात पाय अडकला?"

सासूबाईंनी मागे न बघता पायाखालचं गवत उचलल्याचा आवाज आला. हातभर लांब, दोरीसारखं चिवट. त्या ते बोटांत फिरवत राहिल्या असाव्यात. मग म्हणाल्या, "तांबडे, हे लांब गवत कापून कोंबड्यांपुढे कोणी टाकलं?"

सिताती झोपडीतून ओरडला, "तांबडे, मी नाही!" शेजारी असावा तर असा!

"तांबडे," मी जमिनीवरूनच म्हणालो, "सासूबाईंना सांग, जावयानं. त्यांच्यासाठी अंगण चांगलं दिसावं म्हणून." त्यांच्या आईच्या आईपासून चालत आलेली कोंबडी, आणि ती मी स्वच्छतेच्या हौसेपायी मारत होतो!

केळीमागून हळूच आवाज आला, "तांबडे, त्यांना सांग, उठा. आधी तेल."

मग सुरू झाला उपचार. सितातीनं तांबडीला सरळ उभी, मांडीशी धरून ठेवली. मी चोचीच्या कडेनं थेंब थेंब तेल सोडलं, मग थोडं कोमट पाणी. कुडापलीकडून सूचना येत होत्या. "तांबडे, सांग, बोटांनी गोल गोल चोळा. पिळू नका. पीठ मळताय का? हलकं! अंड्याच्या टरफलावर बोट फिरवल्यासारखं!" पाच मिनिटं चोळायचं, तासभर थांबायचं, पुन्हा चोळायचं. दाणा बंद. तिसऱ्या वेळेला तो दगड जरा मऊ पडल्यासारखा लागला. पाचव्या वेळेला बोटांना आतलं गवत सुटंसुटं जाणवलं. मी आनंदानं ओरडलो, "तांबडे, सांग, सुटतंय!" आणि तांबडीनं आनंद म्हणून सितातीच्या पँटवर आपलं काम केलं.

"तांबडे, ते चांगलं लक्षण आहे म्हणून सांग," बाहेरून आवाज आला.

"तांबडे," सिताती दात आवळून म्हणाला, "पँट नवी होती म्हणून सांग."

संध्याकाळी प्रश्न आला, सासूबाईंनी राहायचं कुठे? माझ्याकडे शक्य नाही. त्या नासाम्बुकडे गेल्या. त्यामुळे सितातीला स्वतःच्या घरातून निघावं लागलं आणि तो माझ्याकडे आला. तांबडीची टोपली आमच्या दोघांच्या मधे.

शनिवारी उजाडताच मी टोपलीवरचं फडकं काढलं. हात पुढे करायची हिंमत होईना. शेवटी सिताती म्हणाला, "लावा की मास्तर, परीक्षेचा निकाल आहे का?" मी हात लावला. पिशवी रिकामी! मऊ, सैल, काही नाही! तांबडीनं माझ्या बोटावर टोच मारली. मला वाटलं, नाचावं. नाचलोच! पाण्यात कालवलेली मऊ उगाली दिली तर तिनं मान न उचलता संपवली.

आता माझ्या ज्ञानाला धार चढली. बाकीच्या सात कोंबड्याही त्याच गवतावर तुटून पडल्या होत्या ना? मी एकेकीचा गळा तपासला. सातच्या सात टणक! मी आणि सिताती बाह्या सरसावून बसलो. तेल, पाणी, चोळणं! तिसऱ्या कोंबडीपर्यंत आम्ही घामाघूम झालो होतो. तेवढ्यात कुंपणापलीकडून सासूबाईंचा आवाज आला.

"तांबडे, जावयांना विचार, या कोंबड्यांना सकाळी दाणा टाकला होता का?"

"तांबडे, सांग, टाकला. मूठ मूठभर. हे काय, आत्ताच."

"तांबडे, मग सांग, त्यांचं नुसतं पोट भरलंय, सोडून द्या बिचाऱ्यांना."

दुपारी नेलिमा आली. अंगणात पाऊल टाकताच तिला दिसलं ते असं: नवरा तेलात बरबटलेला, शेजारी तेलात बरबटलेला, तीन कोंबड्या तेलात बरबटलेल्या, आणि आई केळीकडे तोंड करून कोंबडीशी गप्पा मारतेय. तिनं पिशवी खाली ठेवली. "तीन दिवस! मी फक्त तीन दिवस गेले होते!" मग आईनं तिला सगळं सांगितलं. नेलिमा माझ्याकडे येऊन म्हणाली, "अंगण छान दिसतंय हो." पण ती हसत होती, आणि तिचे डोळे ओले होते.

आधी आम्ही सगळं गवत उचलून मागच्या खड्ड्यात टाकलं. मग सासूबाईंची निघायची वेळ झाली. नेलिमानं तांबडीला त्यांच्या हातात दिलं. मी घराच्या कोपऱ्यामागे भिंतीला चिकटून उभा होतो, पण एका डोळ्यानं बघत होतो. सासूबाईंनी तांबडीला काखेत घेतलं, बोटांनी तिच्या गळ्याखाली चाचपलं, आणि तिच्या पंखांत तोंड खुपसून जरा वेळ तशाच राहिल्या. नेलिमा मोटरसायकल थांबवायला रस्त्याकडे धावली. सितातीची मोटरसायकल अर्थातच चालणार नव्हती.

सासूबाई पाठमोऱ्याच चालू लागल्या. चालता चालता, मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "तांबडे, जावयाला सांग, चूक कबूल करणारा नवरा माझ्या पोरीला मिळाला, हे मला तीन वर्षं ठाऊक नव्हतं. आणि सांग, पहिली दोन पिल्लं त्यांची."

माझ्या मनात इतकं काही दाटून आलं म्हणून सांगू! आभार मानायचे होते, गवताची माफी मागायची होती, खुराडं पुन्हा भरू दे असं म्हणायचं होतं. सगळं अगदी ओठांवर आलं होतं. पण निरोप द्यायचा कुणाजवळ? तांबडीला तर त्या घेऊन चालल्या होत्या!