दॉन सेवेरोचं काय करायचं

शनिवारी दुपारी दोन ते चार एवढ्या वेळात दॉन सेवेरोला मारून मोकळं व्हायचं होतं. चार वाजता अरिस्तोनच्या आईने निरोपाचं जेवण ठेवलं होतं आणि सोमवारी तो विमानात बसणार होता. आयर्लंडमधल्या एका इस्पितळात त्याला नर्सची नोकरी लागली होती. अडीच वर्षं चालवलेला खेळ अर्धा टाकून जाणं त्याच्या जिवावर आलं होतं. म्हणून त्याने सगळं नीट आखलं होतं: चाळीस मिनिटं लढाई, दहा मिनिटं खजिना, उरलेल्या वेळात रडारड.

खेळ चालायचा मोलो भागातल्या मनांग लुमिंगच्या लॉन्ड्रीत, दोन नंबरच्या आणि तीन नंबरच्या मशीनच्या मध्ये. टेबलाभोवती तिघं खेळणारे, मनांग लुमिंग त्यांतल्याच एक. प्रत्येकाने एकेक पात्र घेतलेलं. ते काय करतं, काय बोलतं ते ज्याचं त्याने सांगायचं. बाकीचं सगळं जग अरिस्तोनचं. वादळ त्याचं, वाटेतला भिकारी त्याचा, खलनायक तर त्याचाच. वाद झाला की वीस बाजूंचा फासा टाकायचा.

हा खलनायक दॉन सेवेरो. त्याने सात बेटांच्या समुद्राची भरती चोरून एका बाटलीत भरली होती आणि कोळ्यांच्या होड्या दोन वर्षं चिखलात रुतून बसल्या होत्या. गेल्या एप्रिलमध्ये त्याने बाटलीचं बूच क्षणभर उघडून गिल्डाच्या पात्राचा भाऊ बुडवला. तेव्हापासून गिल्डा त्याच्या जिवावर उठली होती. एरवी ती औषधाच्या दुकानात काम करते आणि गिऱ्हाइकांशी फार गोड बोलते.

तिसरे मनोंग सान्तिंग, वय त्रेसष्ट. आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला मनोंग म्हणतात, बाईला मनांग. बोटीच्या धक्क्यावर एकतीस वर्षं त्यांनी तिकिटं फाडली. बायको, रेमेदियोस, गेली तेव्हा त्यांना कळलं की आपल्याला कपडे धुता येत नाहीत. मूलबाळ नव्हतं. पिशवी घेऊन ते लॉन्ड्रीत आले आणि वाट बघत बसले. तासाभरात कपडे झाले, तरी उठेनात. अरिस्तोनने त्यांच्यासाठी खुर्ची ओढली आणि म्हटलं, "मनोंग, एक कोळी कमी पडतोय आम्हाला, होता का?" त्या दिवशी अरिस्तोनने दॉन सेवेरोचा तो नाकातला, लांबलचक आवाज काढला आणि मनोंग हसले. तीन महिन्यांत पहिल्यांदा. पुढे ते दर शनिवारी पिशवी घेऊन येऊ लागले. कधी कधी पिशवीतले कपडे धुतलेलेच असत. मनांग लुमिंग काही न बोलता पुन्हा धुवायच्या.

"तर," अरिस्तोनने घसा खाकरला, "तुम्ही कड्यावर पोचलात. समोर दॉन सेवेरो. एकटाच. हातात बाटली. काय करता?"

"मारते." गिल्डाने फासा आधीच मुठीत धरला होता.

"मी कढईने हाणते," मनांग लुमिंग म्हणाल्या. त्यांचं पात्र स्वयंपाकिणीचं होतं आणि कढई सोडून दुसरं हत्यार त्यांनी कधी घेतलं नव्हतं.

मनोंग सान्तिंगनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मी काय म्हणतो, त्याला आपल्यात घेतलं तर?"

"मनोंग, डोकं ठिकाणावर आहे ना? माझा भाऊ बुडवलाय त्याने!"

"कबूल आहे, इन्दाय, पोरी. पण तुझा भाऊ तरी कुठे सरळ होता? शेळी चोरली होती त्याने."

"म्हणून बुडवायचं?"

"बुडवायला नको होतं. तेच समजावू त्याला."

अरिस्तोनने घड्याळाकडे बघितलं. नियम म्हणजे नियम. शत्रूचं मन वळवायचं तर फाशावर पंधरा तरी पडायला हवेत. मनोंगनी फासा दोन्ही हातांत घोळवला, कपाळाला लावला आणि टाकला. तीन पडले. गिल्डाने टाळी वाजवली.

"ठीक आहे," मनोंग म्हणाले. "मन नाही वळवत. आमंत्रण देतो. माझ्या बाळीचा बाप्तिस्मा राहिलाय."

ही बाळी म्हणजे मनोंगच्या कोळ्याला दुसऱ्या वर्षी ओंडक्यावर वाहत आलेली सापडली होती. खेळात तिचं काही काम नव्हतं. मनोंग मात्र दर शनिवारी न चुकता सांगायचे, की बाळीला दूध पाजलं, बाळीला झोपवलं.

"दॉन सेवेरो," मनोंग हात जोडून म्हणाले, "माझ्या लेकीचे निनोंग व्हाल का?"

तीन नंबरचं मशीन गरगरत होतं. आमच्याकडे लेकराचा निनोंग, म्हणजे धर्मपिता, व्हायला कुणी बोलावलं, तर नाही म्हणत नाहीत. नाही म्हटलं तर लेकराला अपशकुन होतो. अरिस्तोन स्वतः अकरा पोरांचा निनोंग होता. डिसेंबर उजाडला की तो नाताळच्या भेटी मागणाऱ्या पोरांना चुकवत गल्ल्या बदलून चालायचा, पण नाही म्हणून कधी म्हटलं नव्हतं. वहीत त्याने दोनशे नियम लिहिले होते. या प्रश्नाला नकार कसा द्यायचा, तेवढंच लिहायचं राहिलं होतं.

"हूं," दॉन सेवेरो नाकातून म्हणाला. "येईन की."

"झालं!" गिल्डाने कपाळावर हात मारला. "आता हा यांचा कुम्पारे, लेकीच्या नात्याने भाऊच! कुम्पारेवर कोण हात उगारतं?"

"आणि निनांग, धर्ममाता, कोण?" मनांग लुमिंगनी विचारलं. "मी तर चुलीपाशी असणार."

सगळ्यांनी गिल्डाकडे बघितलं. पाच मिनिटांत ठरलं: ती भावाच्या खुन्याशेजारी हातात मेणबत्ती धरून उभी राहणार. रागाने तिचे कान लाल झाले होते.

पावणेचार झाले. अरिस्तोनने ठरवलं, आता दॉन सेवेरोला इतका नीच करायचा, की याच लोकांनी त्याला फाडून खाल्लं पाहिजे.

"दॉन सेवेरो बाप्तिस्म्याला दोन तास उशिरा येतो."

"निनोंग कधी वेळेवर आलाय?" मनांग लुमिंग म्हणाल्या.

"हात हलवत येतो. भेट नाही, काही नाही."

"माझा निनोंग तर अजून यायचाय," गिल्डा कुरकुरली.

"येता येता चर्चचं छप्पर जाळतो!"

"गळतच होतं ते," मनोंग म्हणाले.

पडदे न्यायला आलेल्या एक शिक्षिका एव्हाना काउंटरला टेकून ऐकत होत्या. त्यांना खेळाचं ओ की ठो कळलेलं नव्हतं, पण मत होतंच. "बाप्तिस्म्याला बोलावून मारणार? तेही निनोंगला? कसली माणसं हो तुम्ही!" एवढं बोलून त्या पडदे घेऊन निघून गेल्या.

अरिस्तोनने शेवटचं अस्त्र काढलं.

"दॉन सेवेरो पंगतीला बसतो. लेचोनचा तुकडा तोंडात घालतो आणि थुंकतो. म्हणतो, कातडी चामट आहे."

मनांग लुमिंग घड्या घालत होत्या. त्यांनी हातातला टॉवेल खाली ठेवला.

"काय म्हणाला?"

"चामट."

"गिल्डा, तो फासा आण इकडे."

भाऊ बुडाला, भरती गेली, छप्पर जळलं, तेव्हा ही बाई शांत होती. पण भाजलेल्या डुकराच्या कातडीला नाव ठेवलं आणि तिची तळपायाची आग मस्तकात गेली. गिल्डा उभी राहिली. अरिस्तोनच्या जिवात जीव आला.

"मनांग, थांबा हो," मनोंग सान्तिंग म्हणाले. "त्याला कुणी जेवायला बोलावलंच नाही कधी. गरम लेचोन कसा लागतो, त्याला काय ठाऊक? डबा उघडायचा, उभ्या उभ्या खायचं, झोपायचं. असा माणूस तो. जीभच मेलेली असते अशा माणसाची."

मनांग लुमिंगनी त्यांच्याकडे बघितलं. मनोंगच्या शर्टांवरचे डाग अडीच वर्षं त्याच काढत होत्या. डबाबंद माशांच्या तेलाचे, सगळे छातीवर, उभ्याने खाणाऱ्याचे. त्या खाली बसल्या.

"कुरकुरीत बाजूचा तुकडा वाढते मी त्याला," त्या म्हणाल्या आणि टॉवेलची घडी घालू लागल्या.

तेवढ्यात अरिस्तोनचा फोन वाजला. "तोतो, बाळा, चार वाजून गेले! तळलेल्या लुम्पिया गार झाल्या, पाहुणे ताटकळलेत, आहेस कुठे?"

"आई, एकाला मारायचं राहिलंय. आलोच." त्याने फोन ठेवला आणि डोकं धरलं. "मनोंग, का छळताय? दोन वर्षं या माणसाला आजच्यासाठी पोसला मी. मारा ना त्याला. पाया पडतो."

"तो मेला की खेळ संपला."

"संपूच दे! संपायलाच हवा. आईला मी सांगितलंय, दोन वर्षांनी येतो. नाही येणार, मनोंग. तिकडे गेलेला कोण येतो परत? मागे तुम्ही इथे दर शनिवारी माझी वाट बघत बसाल, ते मला नकोय. म्हणून त्याला मारून, सगळं आवरून जायचंय मला."

गिल्डा मशीनच्या काचेकडे बघू लागली.

"तू येणार नाहीस हे मला ठाऊक आहे, तोतो," मनोंग म्हणाले. "एकतीस वर्षं धक्क्यावर होतो. येणाऱ्याचं सामान वेगळं असतं आणि न येणाऱ्याचं वेगळं. तुझ्या बॅगा बघितल्या मी काल. तुला कुठे अडवतोय? तू जा. त्याला तेवढा ठेवून जा."

आता उत्तर द्यायचं होतं ते दॉन सेवेरोने. अरिस्तोनने डोळे पुसले, नाक चिमटीत धरलं आणि त्या लांबलचक आवाजात म्हणाला, "बरं. मी राहतो." मग त्याने वही टेबलावर ठेवली आणि मागे न बघता गेला. जेवणाला तिघंही गेले, पण तिथे खेळाचं नाव कुणी काढलं नाही.

पुढच्या शनिवारी दोन वाजता तिघं टेबलाशी बसले, तेव्हा लक्षात आलं की दॉन सेवेरोला ठेवून घेतला खरा, पण तो बोलणार कुणाच्या तोंडून? गिल्डाने वही ओढून घेतली. वादळं, भिकारी, सगळं करते म्हणाली. "फक्त तो नाही. त्याच्याशी मी बोलत नाही." मनांग लुमिंगचे हात साबणात होते. राहिले मनोंग. जो आवाज ऐकायला मिळावा म्हणून त्यांनी एवढा घाट घातला होता, तो आता त्यांनाच काढायचा होता, आणि ऐकायला समोर अरिस्तोन नव्हता. ते बिचारे आतून कोसळले होते, आणि ते दिसत होतं.

त्यांनी नाक धरून बघितलं. बोटीचा भोंगा वाजावा तसा आवाज आला. कुणी हसलं नाही. त्यांनी नाक सोडलं.

"दॉन सेवेरो," गिल्डा वहीत बघत, कोरड्या आवाजात म्हणाली, "माझ्या भावाला का बुडवलंत?"

मनोंग आपल्या नेहमीच्या, साध्या आवाजात म्हणाले, "चुकलं, इन्दाय. एकटा होतो मी. एकटं राहून माणूस वाईट होत जातो, त्याचं त्याला कळत नाही."

गिल्डाने फासा उचलला. एप्रिलपासून ती ज्या क्षणाची वाट बघत होती तो समोर होता, आणि या वेळी त्याची बाजू घेणारं कुणी नव्हतं. तिने फासा हातात फिरवला आणि न टाकताच खाली ठेवला.

"माफ केलेलं नाही," ती म्हणाली. "पण निनोंग आहात म्हणून सांगते. उद्या माझ्याकडे जेवायला या. आणि बसून खायचं."